सोलला निघण्याआधी

प्रिय बेटा,

सोलला होणाऱ्या जागतिक युवा दिनाला, म्हणजे पोपांसोबतच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला, जाणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव आल्याचं फादरांनी चर्चमध्ये मराठी मिस्सानंतर सांगितलं, तेव्हापासून तू एकच प्रश्न विचारते आहेस : पोप लिओ जवळून दिसतील का? बहुधा नाही दिसणार. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तिथे पोचल्यावर पहिल्या रांगेसाठी धडपडण्यात तुझे सगळे दिवस जाणार नाहीत.

मी तुझ्या वयाचा असताना अशाच युवा दिनाला मनिलाला गेलो होतो. 15 जानेवारी 1995 ला लुनेटा पार्कमध्ये शेवटची मिस्सा होती. 40 लाखांहून जास्त माणसं होती असं मानतात. गर्दीमुळे रस्ते इतके बंद झाले की पोप जॉन पॉल दुसरे यांची गाडी पुढे सरकेना. शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने वेदीपर्यंत आणावं लागलं. मी कुठेतरी मागे झाडांच्या रांगेजवळ उभा होतो. वेदी दिसत नव्हती, प्रवचनाचे शब्द तुटक तुटक ऐकू येत होते. तरीही मनिला म्हटलं की आज आधी डोळ्यांसमोर येतं ते आम्ही उतरलो होतो ते दोन खोल्यांचं घर. त्या कुटुंबाने स्वतःचा पलंग आम्हाला दिला आणि घरची सगळी माणसं जमिनीवर चटई टाकून झोपली. आजीबाई पहाटे उठून भात आणि वाळवलेले मासे करायच्या. आमची भाषा त्यांना येत नव्हती. जेवायला बसलो की त्या क्रुसाची खूण करायच्या आणि आमच्याकडे बघत थांबायच्या, मग आम्ही मराठीत प्रार्थना म्हणायचो.

तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच. तिथे तुला दुसऱ्यांच्या हातून खूप काही घ्यावं लागणार आहे, आणि ते घ्यायला बळ लागतं. तू सेवाभावी मुलगी आहेस, सगळ्यांना वाढून मग जेवणारी. अशा माणसांना घेणं फार जड जातं.

आपल्या नागपूरकरांना खरं तर यात्रेकरू म्हणजे काय हे शिकायला लांब जायला नको. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक इथे येतात. मराठवाड्यातून, पार खेड्यापाड्यांतून, जनरलच्या डब्यात उभ्याने येतात. रस्त्याकडेला त्यांच्यासाठी जेवणाचे आणि पाण्याचे स्टॉल लागतात. या वर्षी तूही तिथे वाढायला जा. वाढताना समोरच्या म्हातारीकडे नीट बघ. ती पत्रावळ हातात घेते, फुटपाथवर बसते, पोटभर जेवते आणि पुढे निघते. तिच्या चेहऱ्यावर संकोच नसतो, कारण आपण इथे कशासाठी आलो हे तिला पक्कं माहीत असतं. सोलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायला सांगितलं, जेवणाच्या पाकिटात ओळखीचं काहीच निघालं नाही, बाथरूमला तासभर रांग लागली, तर ती म्हातारी आठव.

तारखा तुला पाठ असतील, तरी लिहितो : 3 ते 8 ऑगस्ट 2027, मंगळवार ते रविवार. त्याच्या आधीच्या आठवड्यात कोरियातले वेगवेगळे धर्मप्रांत, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालचे विभाग, यात्रेकरूंना आपल्याकडे ठेवून घेतात. आपल्या गटाला ते दिवस गाळून थेट सोलला जायचा मोह होईल, सुट्ट्या आणि पैसे वाचतात म्हणून. माझं ऐकशील तर ते गाळू नका. घरं, कुटुंबं, छोटी चर्चेस तिथेच भेटतात. सोलमध्ये मग सगळी गर्दीच गर्दी.

कोरियाची गोष्ट मात्र जाण्याआधी वाचून घे, कारण ती आपल्यासारख्या थोड्या लोकांच्या चर्चची गोष्ट आहे. तिथे श्रद्धा मिशनऱ्यांनी नेली नाही. चीनमधून आलेली पुस्तकं काही विद्वानांनी वाचली, आपसांत चर्चा केली आणि त्यांच्यातल्या यी सुंग-हुन यांनी 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला. परत येऊन त्यांनी इतरांना बाप्तिस्मा दिला. फादर नाहीत, चर्चची इमारत नाही, आणि पुढे छळ सुरू झाला. त्यांचे पहिले कोरियन धर्मगुरू, संत आंद्रेआ किम, यांचा 1846 मध्ये शिरच्छेद झाला, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. 1984 मध्ये कोरियातल्या 103 हुतात्म्यांना एकाच वेळी संतपद मिळालं. हान नदीकाठी जोलदुसानला हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथे वेळ काढून जाच. आपल्या भारतातले हुतात्मा संत देवसहायम् हेसुद्धा त्या पहिल्या कोरियन विद्वानांसारखे संसारी गृहस्थच होते, 2022 मध्ये त्यांना संतपद मिळालं. कोरियन मुलांना त्यांच्याबद्दल सांग. फार थोड्यांना ते माहीत असतील.

या वेळच्या युवा दिनाचं वचन योहानच्या शुभवर्तमानातलं आहे : ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.’ येशूने हे अटक झाली त्याच रात्री, शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगितलं. त्या हुतात्म्यांच्या देशात हे वचन वाचताना ते किती महाग पडू शकतं याचा विचार कर.

आता शरीराचं. आपण 45 डिग्रीत वाढलो म्हणून तिथला ऑगस्ट सोपा जाईल असं समजू नकोस. तिथे दमट उकाडा असतो, घाम वाळत नाही, मध्येच जोराचा पाऊस येतो. शनिवारी जागरणाच्या जागेपर्यंत सामान पाठीवर घेऊन चालायचं असतं, रात्र उघड्या मैदानात काढायची असते आणि सकाळी मिस्सा. आत्तापासून आठवड्यातून काही पहाटे सदरहून सेमिनरी हिल्सच्या चढावर चालत जा, तेही पाठीवर वजन घेऊन, आणि जे बूट नेणार तेच घालून. नवे बूट घालून गेलेली मुलं तिसऱ्या दिवशी फोड घेऊन बसतात. संत्रा बर्फी न्यायची असेल तर आधी तिथले नियम बघ, दुधाचे पदार्थ विमानतळावर अडू शकतात. त्यापेक्षा छोटे बॅज ने. तिथे मुलं एकमेकांत बॅज आणि झेंडे बदलून घेतात, त्यातून बोलणं सुरू होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गटात भांडणं होतील. झोप नसते, कुणीतरी हरवतं, कुणीतरी सारखं उशीर करतं. तेव्हा तू मोठेपणा घेऊन समजावत बसू नकोस. पाणी प्यायला दे आणि सावलीत बसव.

कन्फेशन, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली, तिथेच कर. लिस्बनच्या युवा दिनाला 2023 मध्ये नदीकाठच्या बागेत कबुलीसाठीची 150 कन्फेशनल मांडली होती, पोर्तुगालच्या तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलेली. सोलमध्येही अनेक भाषांतले फादर बसलेले असतील. इथे ओळखीच्या फादरांसमोर जे जिभेवर येत नाही ते तिथे सांगता येतं. शनिवारी रात्री आराधनेच्या वेळी फोन पिशवीत ठेव. फोटो इतरांकडून मिळतीलच.

आणि पैशांबद्दल. तुझ्या तिकिटासाठी धर्मग्रामात जमलेल्या वर्गणीचा तुला संकोच वाटतोय, हे तुझ्या आईने सांगितलं. ज्यांनी दिलं त्यांतले बरेच जण आयुष्यात विमानात बसणार नाहीत. त्यांनी तुला त्यांच्या वतीने पाठवलंय. म्हणून एक वही कर. मिस्सानंतर दारात उभी राहा आणि प्रत्येकाला विचार, तुमच्यासाठी काय मागू? कुणी मुलाच्या नोकरीचं सांगेल, कुणी डायलिसिसचं, कुणी नुसतं नाव लिहून देईल. कामठीच्या आणि खेड्यांतल्या मिशनच्या लोकांनाही विसरू नकोस, ते सहसा स्वतःहून पुढे येत नाहीत. रोज संध्याकाळी त्यातलं एक पान उघडून प्रार्थना कर, कितीही दमली असलीस तरी. परत आल्यावर त्या प्रत्येकाला जाऊन भेटायचं आहे, तेव्हा पत्तेही लिहून घे.

पासपोर्टची मुदत तपास, परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरले पाहिजेत. कोरियाचा व्हिसा लागतो, त्याची कागदपत्रं गटातून एकत्र द्या, एकेकट्याने एजंट शोधू नका. या रविवारी मिस्सानंतर ती वही घेऊन ये. पहिलं नाव मला माझ्या बायकोचं लिहायचं आहे, तिच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

तुझे सर