इक्झोरातला ईश्वर

प्रश्न असा आहे: बागेतल्या झुडपाचं नाव ‘इक्झोरा’ लिहावं की ‘एक्झोरा’, आणि त्याला मराठी नाव काय? सोबत एक विधानही आहे: ‘पांढरा इक्झोरा म्हणजेच पॅव्हेटा’.

मराठी नाव पेंटगुळ. आणि ‘एक्झोरा’ कृपा करून लिहू नका. ‘एक्झॉटिक’शी सोयरीक जुळवून या झुडपाला परदेशी ठरवणारे मला सारखे भेटतात. लाल फुलांचा इक्झोरा कॉक्सिनिया दक्षिण भारतातला नि श्रीलंकेतला आहे, आणि त्याच्या नावात तर साक्षात ईश्वर बसलेला आहे!

पोर्तुगीज भाषेत एक्स या अक्षराचा उच्चार पुष्कळदा ‘श’ होतो. गोव्यात रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे आजही शांतादुर्गेतला ‘श’ एक्सनेच लिहितात. Ixora तसं वाचून पाहा: इशोरा. ईश्वर! मलबारात ही फुलं देवाला वाहत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली या वंशाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, हेच नाव दिलं, आणि पुढे सगळ्यांनी त्या एक्सचा ‘क्झ’ केला.

शेवटचा ‘आ’ पाहून काही जण मूळ शब्द ‘ईश्वरी’ होता म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. मग त्या ‘री’तली ई गेली कुठे? सतराव्या शतकातल्या युरोपीय लेखनात ‘इक्सोरा’ हे शिवाचंच नाव म्हणून येतं. शिवाय लॅटिन वंशनावाच्या शेवटी ‘आ’ असणं अगदी नेहमीचं. त्यावरून देवी सिद्ध होत नाही.

याहून गोड पुरावा मुरुडशेंगेत आहे. तिचं शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथामध्ये तिचं मल्याळी नाव ‘इसोरा-मुरी’ असं नोंदलंय, म्हणजे ईश्वरमुरी. माझ्या मते हा तोच शब्द. एकदा एक्सने लिहिला, एकदा एसने. एकाच ईश्वराची दोन स्पेलिंगं लिनीअसच्या एकाच ग्रंथात शेजारधर्माने नांदतात, आणि कोशकार दोन्हींना वेगवेगळ्या पानांवर टाकून मोकळे होतात!

राहता राहिलं ‘पांढरा इक्झोरा म्हणजेच पॅव्हेटा’ (हे दुसरं एक झुडूप) हे विधान. तेही चूक. दोन्ही कॉफीच्या कुलातले, दोन्हींना चार पाकळ्या नि लांब बारीक नळी, पण वंश वेगळे. फूल जवळ घेऊन मधली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा स्त्री-भाग, बघा. इक्झोरात तिचं टोक दुभंगून दोन बाजूंना वळलेलं असतं. पॅव्हेटात ती सरळ, न फुटलेली, फुलाबाहेर टाचणीसारखी लांब आलेली असते. रंगाचा इथे काही संबंध नाही. पांढऱ्या फुलांचे इक्झोरेही असतात.