ताणाचा वक्र तळाशी जाऊन पुन्हा चढतो, तो चढ सोडू नका

आम्लयुक्त कच्चं तेल आणि अल्कली-सर्फॅक्टंटचं (सर्फॅक्टंट म्हणजे सीमेवर जमून ताण कमी करणारा पदार्थ) द्रावण यांच्यातला आंतरपृष्ठ ताण, म्हणजे दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण, हा एक आकडा नसतो, तो वेळेनुसार बदलतो. तो झपाट्याने उतरतो, तळ गाठतो आणि बऱ्याचदा पुन्हा चढतो. तेलातली नॅफ्थेनिक आम्लं सीमेवर अल्कलीला भेटली की तिथेच साबण तयार होतो आणि ताण पडतो. मग साबण पाण्यात निघून जातो, थेंबातलं आम्ल संपत येतं, ताण वर येतो.

या वक्राचं मॉडेल करताना नवीन माणूस बहुधा नुसतं विसरणाचं (रेणू पसरत सीमेपर्यंत येण्याचं) समीकरण बसवतो. त्याने उतार जुळतो, चढ जुळत नाही. म्हणून अधिशोषण (रेणू सीमेवर बसणं) आणि विशोषण (सीमा सोडून जाणं) यांचे दर वेगळे ठेवा, आणि थेंबातला आम्लाचा साठा मर्यादित धरा. सर्फॅक्टंट आणि साबण एकाच जागेसाठी भांडतात, तेव्हा दोघांना एकाच समतापी समीकरणात (स्थिर तापमानाला द्रावणातल्या प्रमाणानुसार सीमेवर किती पदार्थ बसतो हे सांगणारं समीकरण) घ्या. अल्कली वाढवत नेली की ताण कमीच होत जाईल हेही गृहीत धरू नका. अल्कलीतलं सोडियम जास्त झालं की ताण परत वाढतो.

आता मोजमाप, कारण खरी गडबड इथेच होते. स्पिनिंग ड्रॉपमध्ये (फिरत्या नळीत लांबलेल्या थेंबावरून ताण मोजण्याची पद्धत) व्हॉनेगटचं सूत्र, जे थेंबाच्या त्रिज्येवरून ताण काढतं, थेंबाची लांबी व्यासाच्या किमान 4 पट असेल तरच वापरा. सूत्रात त्रिज्येचा घन आहे: त्रिज्येत 5 टक्के चूक म्हणजे ताणात सुमारे 15 टक्के. थेंब अजून लांबत असतानाचे सुरुवातीचे बिंदू वगळा. आणि मॉडेलचं फिटिंग ताणाच्या लॉगॅरिदमवर करा. साध्या ताणावर केलंत तर 10 मिलीन्यूटन प्रति मीटरजवळचे बिंदूच सगळं ठरवतील आणि 0.01 चा तळ मॉडेलला दिसणारच नाही.