पाळी थांबली म्हणजे मुलगी ‘फिट’ झाली असं नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रं व्यायाम आणि खेळ शिकवणाऱ्यांची आहेत. कबड्डी-खोखोचे मार्गदर्शक, जिममधले ट्रेनर, शाळेचे क्रीडाशिक्षक, गावात बायकांचा वर्ग चालवणाऱ्या ताई. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या या पत्रांत एक अडचण सारखी दिसते. दंड-बैठका कशा मोजायच्या ते सगळ्यांना येतं, पण पाळी, बाळंतपण किंवा पाळी जाण्याचा काळ यांबद्दल कुणी कधी शिकवलेलं नाही.

शाळेच्या कबड्डी संघात १४ ते १७ वयाच्या मुली आहेत. रोज दोन तास सराव असतो. दोघींची पाळी चार-पाच महिने आलेली नाही. घरचे म्हणतात, खेळते म्हणून होतं असं, खेळ सुटला की येईल. मुलीही खूश आहेत. मी यात पडावं का?
— कबड्डी मार्गदर्शक, कुडाळ

पडावंच, आणि उशीर न करता. नियमित येणारी पाळी सलग ३ महिने चुकली, किंवा वयाची १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं पाहिजे. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन), पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार) ही कारणं डॉक्टर तपासतील. ते काम तुमचं नाही. तुमच्या हातात असलेलं कारण मात्र खेळाडू मुलींमध्ये वारंवार सापडतं: खेळात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडतं.

अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करतं. हृदय, श्वास, हालचाल चालू ठेवतं आणि पुढे ढकलता येईल ते थांबवतं. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन घटतं, पाळी थांबते. इस्ट्रोजेन घटलं की हाडांची भरणीही मागे पडते, आणि हाडं भरण्याचं वय नेमकं हेच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. आपण तिला खेळाडूची ऊर्जा-तूट म्हणू.

हिशेब असा. मुलीचं वजन ४८ किलो. त्यातली चरबी ११ किलो धरली तर उरलं ३७ किलो. खेळातला खर्च वजा जाता या ३७ पैकी प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण ४५ किलोकॅलरी उरल्या तर शरीराचं नीट चालतं. आकडा ३० च्या खाली गेला की बिघाडाची शक्यता बरीच वाढते. (३० म्हणजे काही कुंपणाची रेघ नव्हे, काही मुलींची पाळी त्याच्या वरही बिघडते.) मुलगी दिवसाला १५०० खाते आणि सरावात ५०० खर्च करते असं समजा. उरल्या १०००, म्हणजे किलोमागे २७. तिला लागतात २१५० च्या आसपास. रोज साडेसहाशेची तूट. ही मुलगी उपाशी राहत नाही. ती घरातल्या इतर मुलींइतकंच जेवते, फक्त दोन तास जास्त खेळते. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

ही तूट भरायला महागडी पावडर लागत नाही. दोन केळी २००, ५० ग्रॅम शेंगदाणे २८०, एक पेला दूध १५०. झाला हिशेब. केळं सरावाच्या तासभर आधी, शेंगदाणे-गूळ सराव संपल्यावर अर्ध्या तासात. सकाळी चहा-बिस्किटावर येणाऱ्या मुलीच्या घरी सांगा, आंबोळ्या आणि उसळ, नाहीतर पेजेबरोबर अंडं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग श्रावण लागतो आणि ताटातली प्रथिनं एकदम घटतात. त्या दिवसांत कुळथाची पिठी, हरभरे, अंडी, आणि चालत असेल त्या घरात सुका जवळा आणि सोडे वाढवायला सांगा. हा कॅलरीचा हिशेब तुमच्या समजुतीसाठी आहे. मुलीसमोर आकडे मोजू नका, नाहीतर ती उलट कमी खायला लागेल.

एक गोष्ट मात्र मार्गदर्शकांनीच बंद करायला हवी. वयोगटांच्या कबड्डीत वजनाची मर्यादा असते आणि त्यात बसवण्यासाठी स्पर्धेआधी मुलींना उपाशी ठेवून, पाणी तोडून पळवलं जातं. वाढीच्या वयात हे करायचं नाही. ती वजनात बसत नसेल तर वरच्या गटात खेळवा.

नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना ते वाढत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेला असू शकतो. त्याच दिवशी पळणं-उड्या बंद करा आणि तिला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. जांभ्याच्या टणक मैदानावर आणि पाळी थांबलेल्या मुलीत ही शक्यता धरूनच चाला.

मी पुरुष शिक्षक आहे. मुलींना पाळीबद्दल विचारायचं कसं? गैरसमज झाला तर?
— क्रीडाशिक्षक, दापोली

एकटीला बाजूला घेऊन विचारू नका. हंगामाच्या सुरुवातीला पालकांना सांगून सगळ्या मुलींना एकच छापील कागद द्या, जसा उंची-वजनाचा देता. त्यात पाच प्रश्न पुरतात. शेवटची पाळी कधी आली? साधारण किती दिवसांनी येते? किती दिवस जाते? दुखण्यामुळे शाळा किंवा सराव बुडतो का? उडी मारताना किंवा खोकताना लघवी निसटते का? भरलेला कागद एखाद्या बाईंकडे राहू दे. तुम्हाला रोज एवढंच कळलं तरी चालतं: आज पूर्ण सराव, हलका सराव की विश्रांती. पाळीच्या तारखा व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा भिंतीवरच्या तक्त्यावर लिहू नयेत.

बोलताना ‘पाळी’ हाच शब्द वापरा. ‘अडचण’, ‘प्रॉब्लेम’ म्हणत राहिलात तर मुलीही ते लपवायची गोष्ट समजतात. सुरुवातीच्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येणं चालतं, मोठ्या बाईत २१ ते ३५. पाळीत सराव करायला हरकत नाही, सक्तीही नको. पाळीच्या अमुक दिवसात अमुकच व्यायाम, असे तक्ते सध्या फिरतात; सगळ्यांना लागू होईल असा ठोस पुरावा त्यांच्यामागे नाही. मुलीला स्वतःला कसं वाटतं ते धरून सराव ठरवा.

सामानाच्या पेटीत बँडेजशेजारी पॅडचं पाकीट, जुने वर्तमानपत्राचे कागद, साबण आणि एक गडद रंगाची शॉर्ट ठेवा. स्वच्छतागृहात पाणी आणि झाकणाची बादली आहे ना, ते सामन्याच्या आदल्या दिवशी बघून या. पाळीत मुली गैरहजर राहतात त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

जिल्हा स्पर्धेआधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्याव्यात का? मेडिकलमध्ये मिळतात.
— प्रशिक्षक, कणकवली

तुम्ही देऊ नयेत. ती हार्मोनची गोळी आहे. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, अर्धशिशी, यकृताचा आजार हे डॉक्टरांनी आधी विचारायचं असतं. मुलीला आणि घरच्यांना तसं हवंच असेल तर स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांनी डॉक्टरांना भेटावं.

आणि पाळीत मुलगी कोलमडतेच असेल तर ती का, ते बघा. पाळी ७ दिवसांपेक्षा जास्त जाते, तासा-दीड तासाला पॅड भिजतं, मोठ्या गाठी पडतात, ही डॉक्टरांना दाखवायची लक्षणं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला, म्हणजे तुमच्या संघातही तो असणारच असं धरा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली टाकून देतात, मळमळते म्हणून. ती जेवणानंतर घ्यायला सांगा, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. लिंबू-आवळा मदत करतो.

खोखोच्या मुलींचे गुडघे फार जातात. मुलांचे तितके जात नाहीत. असं का?
— खोखो मार्गदर्शक, चिपळूण

उडी आणि एकदम दिशा बदलणं असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला पुढचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), म्हणजे एसीएल, तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. मुलींचा पाय टेकताना गुडघा बरेचदा आत झुकतो, जवळजवळ सरळ राहतो, आणि मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने कमी पडतात. खांबाला वळसा घालताना या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

हे शिकवून बदलता येतं. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप २० मिनिटांचा आहे: ८ मिनिटं हलकं पळणं, १० मिनिटं ताकद-तोल-उड्या, २ मिनिटं वेगात पळणं. तो खोखोला सहज जुळवता येतो. आठवड्यातून किमान दोनदा, आणि हंगामभर. दोन आठवडे करून सोडला तर उपयोग नाही. मुलीला सांगायचं एवढंच: पाय टेकल्याचा आवाज येता कामा नये, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. मोबाइलवर समोरून व्हिडिओ घेऊन तिचा तिलाच दाखवा. मांडीच्या मागच्या बाजूसाठी, जोडीदाराने घोटे धरून गुडघ्यावरून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम ३ ते ५ वेळांपासून सुरू करा. जास्त केलात तर दुसऱ्या दिवशी मुलगी चालूही शकत नाही आणि पुन्हा करायला तयार होत नाही.

जिममध्ये साडेतीन महिन्यांची बाळंतीण येते. सिझर झालंय. डॉक्टरांनी ‘व्यायाम सुरू करा’ म्हटलंय. तिला भाट्याच्या किनाऱ्यावर पळायचंय.
— ट्रेनर, रत्नागिरी

सहा आठवड्यांनी डॉक्टर देतात ती परवानगी जखम भरल्याची असते, उड्या मारण्याची नव्हे. सिझरनंतर पोटाच्या आवरणाची ताकद सहा आठवड्यांत जेमतेम निम्मी परत येते. पूर्ण ताकदीच्या जवळ जायला सहा-सात महिने लागतात. पळणं कुठल्याही बाळंतपणानंतर १२ आठवड्यांच्या आत नकोच. १२ आठवडे उलटले म्हणून तयारी झाली असंही नाही.

आधी विचारा. लघवी किंवा वारा निसटतो का? खाली जडपणा, अंग बाहेर येतंय असं वाटतं का? टाक्याजवळ, ओटीपोटात दुखतं का? एकालाही ‘हो’ आलं तर पळणं थांबवा आणि पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर सिट-अप आणि लांब प्लँकही सध्या बाजूला.

सगळं ‘नाही’ असेल तर चाचणी घ्या: ३० मिनिटं भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, प्रत्येक पायावर १० अर्ध्या बैठका, १ मिनिट जागच्या जागी पळणं, प्रत्येक पायावर १० लंगड्या उड्या. शिवाय एका पायावर टाच उचलणं २० वेळा. न दुखता, न निसटता हे जमलं तर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं इथून सुरुवात. सुरुवातीला सपाट रस्ताच बरा. कोरड्या वाळूत पळायला टणक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पोटऱ्यांवर ताण येतो. किनाऱ्यावर जायचंच तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूत, आणि उताराची बाजू बदलत राहायचं.

पेल्विक फ्लोअरचा व्यायाम शिकवताना ‘लघवी आणि वारा एकदम रोखून वर ओढताय असं समजा’ म्हणा. ८ वेळा आवळून पूर्ण सैल सोडायचं, दिवसातून ३ दा, किमान ३ महिने. सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं. चालू लघवी थांबवून सराव करायला सांगू नका. पोट कचकचून बांधलं की दाब खाली जातो, तेही समजावा. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला ५०० हून जास्त किलोकॅलरी जादा लागतात. तिला डाएटवर ठेवू नका, आणि व्यायामाआधी बाळाला पाजून यायला सांगा.

माझ्या वर्गात ४५ ते ६० वयाच्या बायका आहेत. वजनं नको म्हणतात. मासळीच्या पाट्या उचलतो, तेवढं पुरे.
— वर्ग चालवणारी ताई, मालवण

पाट्यांचं वजन वर्षानुवर्षं तेच राहतं आणि शरीर त्याला सरावलेलं असतं. भारतात पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते, आणि त्यानंतरची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हणून वजनं हवीतच: आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. खुर्चीवरून उठ-बस, पाण्याचा ५ लिटरचा कॅन जमिनीवरून उचलणं, भिंतीला दंड. सोपं झालं की कॅन मोठा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर ओझं घेऊन कमरेत वाकणं आणि पिळणं टाळा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, तर व्यायाम राहू दे, त्याच आठवड्यात डॉक्टर.

स्त्री-आरोग्याचे बरेच ऑनलाइन कोर्स दिसतात. कुठला घ्यावा?
— फिटनेस ट्रेनर, सावंतवाडी

पैसे भरण्याआधी अभ्यासक्रम मागवून घ्या. शिकवणाऱ्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ, पेल्विक फ्लोअरचा फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ आहेत का? पाळी, ऊर्जा-तूट, गरोदरपण, बाळंतपणानंतर, पीसीओएस आणि पाळी जाण्याचा काळ हे सगळे विषय आहेत का? प्रत्यक्ष माणसावर सराव करून परीक्षा आहे, की व्हिडिओ पाहिले की प्रमाणपत्र? आणि ‘कधी थांबायचं, कुणाकडे पाठवायचं’ यावर स्वतंत्र धडा आहे का? तो नसेल तर कोर्स घेऊ नका. हार्मोन ‘बॅलन्स’ करून देतो किंवा पीसीओएस मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. पीसीओएसमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम याने फरक पडतो, पण निदान आणि औषध डॉक्टरांचंच.

कोर्सला वेळ असेल तर तोवर तालुक्यातले एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक आहारतज्ज्ञ यांना भेटून या, त्यांचे नंबर जिमच्या वहीत पहिल्या पानावर लिहा, आणि पाठवलेल्या प्रत्येकीला पुढच्या आठवड्यात विचारा, जाऊन आलीस का?