हीटिंगच्या पाण्यात इनहिबिटर खरंच लागतो का? स्वतः टाकता येतो का?

लागतो. आणि स्वतः टाकताही येतो. इनहिबिटर म्हणजे रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्यात टाकायचं, गंज रोखणारं रसायन.

तुम्ही लिहिलंय की लीड्सला नवीन घर घेतलंय, काँबी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) आहे, आधीच्या मालकाने इनहिबिटर टाकला होता का माहीत नाही आणि ऑफिसातले मित्र म्हणतात "बंद सिस्टिम आहे, तेच पाणी फिरतं, कशाला पैसे घालवतोस". अगदी हेच मी माझ्या साडूंकडून वर्षानुवर्षं ऐकतोय म्हणून लिहायला बसलो.

साडू स्लाऊला राहतात, माझ्या आधी इंग्लंडला आलेले, त्यामुळे घराच्या कुठल्याही कामात त्यांचंच खरं. आमच्या हॉलमधला रेडिएटर बदलला तेव्हा प्लंबरने अख्खी सिस्टिम रिकामी केली, नळाचं पाणी भरलं आणि आवराआवर करायला लागला. मी विचारलं इनहिबिटरचं काय, तर तो उत्तर देण्याआधी साडूच म्हणाले, "अरे बाटल्या खपवायचे धंदे आहेत हे, राहू दे". राहिलं. पुढच्या हिवाळ्यात बेडरूमचा रेडिएटर वर गरम आणि खाली गार. उलटं असतं, म्हणजे वर गार, तर हवा अडकली समजायचं, ब्लीड केलं, म्हणजे वरचा छोटा स्क्रू उघडून हवा सोडली, की मिटलं. खाली गार म्हणजे तळाशी गाळ बसलाय. ब्लीड करून बघितलं तर काळंकुट्ट पाणी.

मग मी एका बरणीत ते पाणी आणि दुसरीत नळाचं पाणी घेतलं, दोन्हीत एकेक साधा लोखंडी खिळा टाकला आणि किचनच्या खिडकीत ठेवून दिलं. काही दिवसांत दोन्ही खिळे गंजले. पाण्यात पुरेसा इनहिबिटर असता तर पहिला खिळा तसाच राहिला असता. दिवाळीला साडू आले तेव्हा बरण्या दाखवल्या, तर म्हणे खिळाच खराब असेल! पॉवरफ्लशचं, म्हणजे मशीनने जोरात पाणी फिरवून गाळ काढायचं, बिल मात्र मी भरलं, त्यात इनहिबिटरच्या कितीतरी बाटल्या आल्या असत्या.

तेच पाणी फिरतं हे खरं, पण ताजं पाणी भरलं की त्याच्यासोबत ऑक्सिजन आत येतो, शिवाय तांब्याचे पाइप, पोलादाचे रेडिएटर, बऱ्याच बॉयलरमध्ये ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग), असे सगळे धातू एकाच पाण्यात. पोलाद झिजून मॅग्नेटाइट होतं, तोच तो काळा गाळ, आणि तो जाऊन पंपात आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक वाटांमध्ये अडकतो. प्रेशर पडलं म्हणून दर वेळी फिलिंग लूप (सिस्टिममध्ये नळाचं पाणी भरायची जोडणी) उघडाल तेवढा ऑक्सिजन आत, आणि इनहिबिटर पातळ. बीएस 7593 या ब्रिटिश स्टँडर्डच्या 2019 च्या आवृत्तीत दरवर्षी पाणी तपासा आणि दर 5 वर्षांनी नवीन डोस द्या किंवा पाण्याची पूर्ण टेस्ट करा, असं आहे. हे दाखवा तुमच्या मित्रांना. आमच्या साडूंनाही पाठवलंय.

आता टाकायचा कसा. फर्नॉक्स एफवन, सेंटिनेल एक्स100, कुठलाही चालेल, साधारण 100 लिटर पाण्याला एक बाटली, पण लेबल वाचा. हीटिंग बंद करून गार होऊ द्या. मॅग्नेटिक फिल्टर (पाइपवर बसवलेला, चुंबकाने गाळ पकडणारा डबा) असेल तर बहुतेक वेळा त्यातूनच ओतता येतो, नसेल तर टॉवेल रेल (बाथरूममधला टॉवेल वाळवायचा रेडिएटर) सोपी: दोन्ही व्हॉल्व्ह बंद (लॉकशील्ड, म्हणजे टोपीखालचा व्हॉल्व्ह, किती फेरे फिरवला ते लिहून ठेवा, नाहीतर बॅलन्सिंग, म्हणजे कुठल्या रेडिएटरला किती पाणी जायचं ते, बिघडतं), थोडं पाणी काढा, वरचा प्लग काढून नरसाळ्याने ओता, प्लग लावा, व्हॉल्व्ह उघडा, प्रेशर गार असताना 1 ते 1.5 बार करा आणि हीटिंग चालू करून फिरू द्या. ओतायचं नको असेल तर प्रेशराइज्ड कॅन मिळतो.

पाणी आधीच काळं असेल तर मात्र नुसता इनहिबिटर टाकून उपयोग नाही, आधी क्लीनर, मग फ्लश, मग इनहिबिटर. प्रेशर सारखं पडत असेल तर आधी गळती शोधा. बॉयलरचं कव्हर अजिबात उघडू नका, ते गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या इंजिनियरचं काम. आणि वॉरंटी चालू असेल तर बाटलीची पावती ठेवा आणि बॉयलरच्या बेंचमार्क चेकलिस्टमध्ये (बॉयलरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतला नोंदींचा तक्ता) इनहिबिटरचं नाव नि तारीख लिहा.