दाट वस्तीच्या शहरांवरील आंतरराष्ट्रीय आर्ट रेसिडेन्सीसाठी नाशिकच्या चित्रकाराने अर्जात काय मांडावे?

आपला प्रश्न असा आहे की, दाट शहरी वस्त्यांचा शोध घेणाऱ्या एका परदेशी रेसिडेन्सीसाठी (म्हणजे कलाकाराला ठरावीक काळ एका ठिकाणी राहून काम करू देणाऱ्या कार्यक्रमासाठी) अर्ज करताना गोदाघाटाची जलरंगचित्रे पाठवावीत, की नाशिक फारच विरळ म्हणून मुंबईला जाऊन धारावीवर नवे काम करावे. मी नाशिकचाच असून अशा एका रेसिडेन्सीत राहून आलो आहे. माझ्या मते यांपैकी काहीच करू नये. काम जुन्या नाशकावरच करावे, मात्र घाटाच्या देखाव्यातून बाहेर पडून. धारावीवर चित्रे, छायाचित्रे आणि प्रकल्प इतके झाले आहेत की, चार दिवस तिथे फिरून आलेल्या माणसाची वही निवड समितीला लगेच ओळखू येते.

दाटी केवळ उंच इमारतींनी होत नाही. हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीत, ती १९९३-९४ मध्ये पाडली जाण्यापूर्वी, जेमतेम अडीच हेक्टरांवर तीस हजारांहून अधिक लोक राहत असत. हा आकडा सर्वांना पाठ असतो. परंतु एका इमारतीतून दुसरीत निघणारे जिने, डोक्यावरून गेलेल्या पाण्याच्या नळ्या आणि मुलांच्या खेळासाठी वापरात असलेली गच्ची यांतून ती वस्ती खरी समजते. एकाच जागेला अनेक कामे करावी लागणे आणि त्यासाठी शेजाऱ्यांनी आपसांत काही नियम ठरवून घेणे, याला मी दाटी म्हणतो. या अर्थाने जुन्या नाशकातील भद्रकाली, दहीपूल आणि भांडीबाजार हे भाग पुरेसे दाट आहेत.

तेथील एखादा वाडा घ्या. मूळचे एका कुटुंबाचे घर भाऊबंदांत वाटले गेले, त्यात भाडेकरू आले, आणि चौक, नळ, जिना सर्वांचा सामाईक झाला. बोळातील विजेच्या मीटरांची रांग पाहिली तरी एका घराचे किती तुकडे पडले ते कळते. भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडे नाममात्र राहिले. तेवढ्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालक हात लावत नाही, आणि घर सोडले तर हक्क जाईल या भीतीने भाडेकरू हलत नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि लोक तिथेच राहतात. कायदा, लाकूड, माती आणि नाती यांचा हा गुंता चित्रकाराच्या दृष्टीने कोणत्याही सूर्यास्तापेक्षा मोलाचा आहे. (घाटावरचे सूर्यास्त नाशिकमध्ये पुष्कळ जणांनी उत्तम रंगवले आहेत, त्यांना आपली गरज नाही.)

दुसरा विषय पुराचा. गोदावरीचे पाणी किती चढले हे नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतात: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की नदीकाठचे दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांत पाणी थेट बाजारपेठेत शिरले होते. कोणाचा माल कोणाच्या माडीवर जातो, याचा नकाशा कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. तो आपण विचारून काढू शकता. सिंहस्थाबद्दल मात्र जपून राहा. त्यात साधूंसाठी उभारल्या जाणाऱ्या साधुग्राम या तात्पुरत्या शहरावर लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि प्रयागच्या २०१३ च्या कुंभाचा हार्वर्ड विद्यापीठाने सविस्तर अभ्यास केल्यापासून हा विषय जगभर परिचित झाला आहे.

अर्जात सर्वांत महत्त्वाचे असे की, रेसिडेन्सी आपल्याला नाशिक रंगवण्यासाठी बोलावत नाही. आपण तिच्या शहरात काम करणार असता. म्हणून नाशिकचे काम हे आपल्या पद्धतीचा पुरावा म्हणून दाखवावे. उदाहरणार्थ, एकाच चौकाची पहाटे, दुपारी आणि रात्री काढलेली रेखाटने ट्रेसिंग पेपरवर एकमेकांवर ठेवली, तर जागा कोण केव्हा वापरतो हे एका दृष्टिक्षेपात दिसते. तीच पद्धत आपण तिथल्या जिन्याला किंवा गल्लीला कशी लावाल आणि त्यातून कोणता प्रश्न विचाराल, हे प्रस्तावात लिहा. सुटी सुंदर चित्रे वीस पाठवण्यापेक्षा अशा एका जागेचा पाठपुरावा अधिक बोलका ठरतो. घरांत शिरण्यापूर्वी परवानगी घ्या, आणि काढलेले चित्र त्या घरच्यांना आधी दाखवा. वाड्यात खाजगीपणा आधीच थोडा असतो.

कोणती रेसिडेन्सी आहे हेही नीट वाचा. पॅरिसमधील सिते अँतरनास्योनाल देझार, जी १९६५ पासून चालू आहे, तिथे जुन्या वस्तीच्या मध्यभागी स्वतःचा स्टुडिओ मिळतो आणि शहराशी काय करायचे ते बरेचसे आपल्यावर असते. दिल्लीची १९९७ मध्ये सुरू झालेली ‘खोज’ ही संस्था खिडकी एक्स्टेंशनमध्ये आहे, जिथे मध्ययुगीन मशीद, रस्त्यापलीकडचे मॉल आणि अफगाणिस्तान व आफ्रिकेतून आलेल्या लोकांची घरे एका हाकेच्या अंतरात आहेत. तिच्या अनेक प्रकल्पांत शेजार हाच कामाचा भाग झाला आहे. परदेशी जाण्याआधी अशा ठिकाणी काम करून पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पैशांचे पत्रातूनच स्पष्ट करून घ्या: विमानभाडे, राहणे, साहित्य आणि मानधन यांपैकी संस्था काय देते. शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, म्हणून मुदत त्याहून मोठी असेल तर कोणता व्हिसा लागेल हे निमंत्रणपत्र मागतानाच विचारावे. कलाकाराकडूनच सहभाग शुल्क घेणाऱ्या रेसिडेन्सीही पुष्कळ आहेत. त्या सगळ्याच वाईट नसतात, पण पहिल्या अर्जासाठी कर्ज काढून तिथे जाऊ नये.