सल्ल्याला कायद्यात वजन किती?

प्रश्न : मी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पाळकीय समितीवर, म्हणजे धर्मगुरूंना सल्ला देणाऱ्या समितीवर, तीन वर्षे आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांची वेळ बदलू नये, असे मागच्या सभेत अकराही सदस्यांनी सांगितले. तरीही वेळ बदलली, आणि इतिवृत्तात ‘विषयावर चर्चा झाली’ एवढीच ओळ आली. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यात दुरुस्ती करून प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांना) कारभारात अधिक वाटा देण्याची चर्चा सध्या कानावर येते. तिने आमच्या स्थितीत काही फरक पडेल का?

उत्तर : पडू शकेल, मात्र आपल्याला अपेक्षित असलेला बदल बहुधा मतदानाच्या मार्गाने येणार नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याची सध्याची संहिता १९८३ ची. तिच्या ५३६ व्या कलमानुसार धर्मग्रामात पाळकीय समिती असावी की नाही, हे बिशप ठरवतात, आणि ती असली तरी तिचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. याउलट ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आहे. पैशाचा हिशेब एकट्यावर सोडू नये, हे कायद्याला पटले. माणसांच्या श्रद्धाजीवनाचे निर्णय मात्र त्याने एकट्याच्या मर्जीवर राहू दिले, ही विसंगती मला नेहमी खटकते.

सल्ला घेणे जिथे कायद्यानेच बंधनकारक केले आहे, तिथे परिस्थिती वेगळी आहे. १२७ वे कलम सांगते की अशा प्रसंगी सल्ला न घेता केलेली कृती अवैध ठरते. सल्ला मानण्याची सक्ती नसली, तरी तो एकमताचा असेल तर तसेच सबळ कारण असल्याशिवाय अधिकाऱ्याने त्याविरुद्ध जाऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. आपली अडचण अशी, की पाळकीय समितीला अमुक विषयावर विचारलेच पाहिजे असे ५३६ वे कलम कुठेही म्हणत नाही, त्यामुळे १२७ व्या कलमाचे संरक्षण आपल्या अकरा मतांना आपोआप मिळत नाही. याहून ठळक उदाहरण ५१५ व्या कलमात आहे : एखादा धर्मग्राम बंद करण्यापूर्वी बिशपांनी धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, पण ज्यांचा धर्मग्राम बंद होणार, त्या प्रापंचिकांना विचारण्याचे बंधन त्या कलमात नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या सिनडच्या (ख्रिस्तसभेच्या विचारविनिमय परिषदेच्या) प्रक्रियेचा अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी त्याला मान्यता दिली. त्यात आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेल्या दोन मागण्या आहेत : पाळकीय समितीसारखी सहभागाची मंडळे अनिवार्य करावीत, आणि संहितेत वारंवार येणाऱ्या ‘केवळ सल्ल्यापुरते मत’ या शब्दयोजनेचा फेरविचार व्हावा. बिशपांचा अंतिम निर्णयाचा अधिकार दस्तऐवज अबाधित ठेवतो. मात्र विचारविनिमयातून एकमत झाले असेल आणि त्यापासून दूर जायचे असेल, तर त्याचे सबळ कारण नीट समजावून सांगितले पाहिजे, असे तो म्हणतो. अर्थात हा दस्तऐवज म्हणजे संहितेतील दुरुस्ती नव्हे. कलमे बदलण्याचा अधिकार पोपचा आहे आणि २०२५ पासून ती जबाबदारी पोप लिओ चौदावे यांच्याकडे आली आहे.

वरच्या पातळीवर काही दारे उघडली आहेत, हेही नमूद करायला हवे. २०२२ च्या प्रेषितीय संविधानाने (व्हॅटिकनच्या कारभाराविषयी पोपनी काढलेल्या कायद्याने) व्हॅटिकनच्या खात्याचे प्रमुखपद प्रापंचिकांनाही खुले केले आणि जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला एका खात्याच्या प्रमुख झाल्या. धर्मग्रामातील समितीपर्यंत हा वारा अजून पोहोचायचा आहे.

माझ्या मते बहुमताच्या सक्तीपेक्षा कारण देण्याची सक्ती अधिक मोलाची ठरेल, कारण कारण लिहावे लागले की ते तपासताही येते, आणि कित्येकदा लिहिणाऱ्यालाच ते अपुरे वाटू लागते. त्यासाठी दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. विश्वासूंनी आपले मत पाळकांपुढे मांडावे, हा त्यांचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही आहे, असे २१२ वे कलम आजच सांगते. पुढील सभेच्या आरंभी मागचे इतिवृत्त वाचले जाईल, तेव्हा ‘अकराही सदस्यांचा विरोध’ अशी नोंद त्यात करून घ्यावी आणि वेळ बदलण्याचे कारण तिच्याखाली लिहावे, अशी विनंती प्रमुख धर्मगुरूंना आदराने करावी.