ठग मारामारीवर कधी उतरला?

प्रश्न : नात इंग्रजी बातमी वाचत होती. दगडफेक करणाऱ्यांना त्यात 'थग' म्हटलं होतं. आमच्याकडे ठग म्हणजे गोड बोलून गंडा घालणारा. मग हे कसं?
– एक आजी, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आजी, तुमचाच अर्थ मूळचा. संस्कृत 'स्थग्' म्हणजे झाकणं, लपवणं. त्यातूनच ठग, ठक, ठकवणं. माझी आई दौलतगंजात भाव करताना म्हणायची, "ठकवू नकोस हं बाबा!" त्यात रक्तपात कुठला?

इंग्रजांनी मात्र ठग पाहिले ते वाटमारे. प्रवाशांशी सलगी करायची, विश्वास बसला की रुमालानं गळा आवळायचा. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३६ साली त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोशच छापला. (हाच स्लीमन १८४३ पासून आपल्या ग्वाल्हेरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता.) १८३९ मध्ये मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी आली, विलायतेत खूप वाचली गेली. तिकडे गळा आवळणं लक्षात राहिलं, गोड बोलणं गळून पडलं. पुढे कुठलाही दांडगट 'थग' झाला. आता अमेरिकेत काळ्या तरुणांना हिणवायलाही तो वापरतात. आपल्या घरातला शब्द असा वापरलेला पाहून मला फार वाईट वाटतं.